डाळिंबी डाग

मी एक लुगडं बोलतेय. व्याकरणवाले मला इथेच अडवतील. लुगडं ते, म्हणून ‘बोलतंय’ म्हण, असं सांगतील. सांगोत बापडे. मी सगळं आयुष्य बायकांच्या अंगावर काढलं, तेव्हा मी त्यांच्यासारखीच बोलणार. आणि आज तर मला खडसावूनच बोलायचं आहे. माझ्या पदराच्या कोपऱ्यात तळहाताएवढं भोक पडलं आहे. ते पाडलं एका लॉन्ड्रीवाल्याने, आणि वर आम्हालाच ऐकवलं की तुम्हीच तसं सांगितलं होतं. त्या एका वाक्यापायी आम्ही पावणेदोन वर्षं भांडलो.

आम्ही म्हणजे मी आणि माझी मालकीण धुरपता. ती सत्त्याऐंशीची आहे. मी तिच्या लग्नाएवढी.

आज मला पांढरी बघून कुणाला खरं वाटणार नाही, पण मी जन्माला आले ती डाळिंबी रंगाची. हातमागावरचं नऊवारी, सुती, काठ गडद निळा. आर्वीच्या बाजारात मी घडी घालून बसले होते, तेव्हा रोहण्याची एक बाई आली. तिच्या पोरीचं लग्न होतं. दुकानदाराने हिरवं दाखवलं, जांभळं दाखवलं. तिने ती बाजूला सारली आणि मला उचलून उन्हात नेलं, पदर दोन्ही हातांनी ताणून पाहिला, आणि म्हणाली, हेच. ती धुरपताची माय. तिने निवडलेली म्हणून मला अजूनही स्वतःचं कौतुक वाटतं.

धुरपता मला नेसून समुद्रपूरजवळच्या आपल्या सासरी आली तेव्हा सोळाची होती. घरात तिची लुगडी तीन. दोन रोजची, कापूस वेचताना काट्यांनी ओरबाडलेली. तिसरी मी. मला सणावारी बाहेर काढायचं आणि पुन्हा घडी करून ठेवायचं, असा माझा मान होता.

मग सन छप्पन्न आलं. पावसाळा सरत आला होता आणि वस्तीत एकच बोलणं होतं. बाबासाहेबांचं बोलावणं आलंय, दसऱ्याला नागपूरला जायचं, दीक्षा घ्यायची, आणि जायचं ते पांढऱ्या कपड्यांत. पुरुषांचं काय, त्यांची धोतरं होतीच. बायकांची पंचाईत झाली. गावच्या दुकानात होतं नव्हतं ते पांढरं कापड आधीच उचललं गेलं होतं. धुरपताने पेटी उघडली आणि माझ्याकडे बघत बसली. रोजच्या दोघींना ठिगळं होती, त्यामुळे पाळी कुणावर येणार हे मला लगेच कळलं.

खोटं कशाला बोलू, मला राग आला. लग्नाचं लुगडं मी. माझा रंग हीच माझी ऐट. पण तिने मला मोठ्या हंड्यात कोंबलं, वर चुलीतली राख आणि धुण्याचा सोडा टाकला, आणि खाली जाळ लावला. असं तीन दिवस चाललं. उकळायचं, नदीवर नेऊन दगडावर आपटायचं, पुन्हा उकळायचं. पहिल्या दिवशी नदीचं पाणी लाल झालं, दुसऱ्या दिवशी गुलाबी. तिसऱ्या दिवशी मी पांढरी झाले. काठाचा रंग तेवढा पक्का निघाला, तो हटला नाही. पुढे लोक म्हणायचे, धुरपताबाई, काठ मोठा विचार करून निळा निवडला. ती हसायची. निवडला कुठे होता, तो उरला होता.

आणखी एक गोष्ट उरली, ती मात्र तिच्या विसरभोळेपणाने.

काही लक्षात ठेवायचं असलं की आमच्याकडच्या बायका पदराला गाठ मारतात. नागपूरला जायचं ठरलं त्या दिवशी धुरपताने माझ्या पदराच्या कोपऱ्याला गाठ मारली होती. रोहण्याला मायला निरोप धाडायचा होता की तूही ये, तिथे भेटू. निरोप तिने धाडला. गाठ सोडायची राहून गेली. राख-सोड्यात मी त्या गाठीसकट उकळले. वाळत घालताना तिचं लक्ष गेलं, तिने गाठ सोडली, आणि आत आवळलेलं कापड जसंच्या तसं डाळिंबी. मोगऱ्याच्या फुलाएवढा ठिपका, कडेने फिकट होत गेलेला. सासू करवादली, सगळं लुगडं धुतलं आणि हे काय ठेवलं. पुन्हा उकळायला ना सोडा उरला होता ना वेळ. तशीच मला नेसून धुरपता निघाली.

नागपूरला काय पाहिलं ते सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत. नजर जाईल तिथे पांढरं होतं. माझ्यासारख्या लाखभर तरी असतील. त्यात कोण कुणाला ओळखणार? धुरपता दोन दिवस मायला शोधत हिंडली. रोहण्याचे लोक कुठे, आर्वीकडचे कुठे, विचारून तिचा घसा बसला. शेवटी ती हताश होऊन एका झाडाखाली बसली, माझा पदर डोक्यावरून घेऊन. तेव्हा मागून कुणीतरी तो कोपरा चिमटीत धरला.

“हा तर म्या घेतलेला रंग हाये,” मागून आवाज आला.

मायने आपल्या लेकीला चेहऱ्यावरून ओळखलं नाही, त्या ठिपक्यावरून ओळखलं. दोघी तिथेच मातीत बसून रडल्या, मग हसल्या, मग पुन्हा रडल्या. दीक्षा दोघींनी शेजारी शेजारी उभं राहून घेतली. पुढच्याच उन्हाळ्यात माय गेली. निरोप उशिरा पोचला आणि धुरपताला तिचं तोंडही दिसलं नाही. म्हणजे तिची शेवटची भेट माझ्या त्या कोपऱ्यामुळे झालेली. त्या दिवसापासून माझा रंग गेल्याचं दुःख मी सोडून दिलं.

त्यानंतर मी वर्षातून एकदाच बाहेर निघू लागले, दीक्षेच्या दिवशी. बाकी वर्ष पेटीत, निंबाच्या पाल्यात. दरवर्षी धुरपता मला स्वतःच्या हाताने साध्या पाण्यात धुवायची, सावलीत वाळवायची. बाई गरिबीची होती पण हात हलका.

आता त्या शब्दाचं सांगते, ज्यावरून सगळं रामायण झालं.

आमच्याकडे सोन्याच्या दागिन्याला ‘डाग’ म्हणतात. पोरीच्या लग्नात किती डाग घातले, असं विचारतात. धुरपताकडे लग्नातले दोन बारीकसे डाग होते, ते नागसेनच्या शिक्षणापायी गेले. नागसेन तिचा मुलगा. तो शिकला, एसटीत कंडक्टर झाला, घर उभं राहिलं, पण पुन्हा सोनं करायचं काही तिच्या मनात आलं नाही. एकदा शेजारच्या लीलाबाई नवा गोफ दाखवायला आल्या. माझा हा डाग, तुमचा कुठाय म्हणाल्या. धुरपताने मला पेटीतून काढलं आणि तो डाळिंबी ठिपका त्यांच्यापुढे धरला. “हा माया डाग.” लीलाबाई हसल्या, धुरपताही हसली. पण तेव्हापासून घरात त्या ठिपक्याचं नावच ‘डाग’ पडलं. आजीचा डाग. पोरं माझ्याजवळ आली की सगळे ओरडायचे, आजीच्या डागाला हात लावू नका.

नागसेनची मुलगी पौर्णिमा त्या पोरांतलीच. ती आता अल्लीपूरच्या शाळेत मास्तरीण आहे. तिचं लग्न ठरलं तेव्हा घरच्यांनी शालूच्या दुकानांची नावं काढली. पौर्णिमा म्हणाली, मी आजीचं लुगडं नेसणार. धुरपता उठून पेटी उघडायला गेली आणि तिथे बराच वेळ रेंगाळली.

मी तोवर चार वर्षं पेटीतच होते. धुरपताचा खांदा धरला होता, तिला मला पिळणं होत नव्हतं, आणि दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला ती तयार नव्हती. घडीच्या रेषांवर मी पिवळी पडले होते. लग्नात खळ घातलेली कडक इस्त्री हवी. म्हणून लग्नाच्या पंधरा दिवस आधी नागसेन तिला आणि मला घेऊन समुद्रपूरला गेला. बसस्टँडसमोर एक लॉन्ड्री आहे. नागसेन बाहेर ओळखीच्या ड्रायव्हरशी बोलत थांबला. धुरपता एकटीच पायरी चढली.

दुकानाचे मालक मधुकरराव. माणूस तसा वाईट नाही, हे मी भांडण संपल्यावर सांगू शकते. पांढरे केस, स्वच्छ शर्ट, गिऱ्हाइकाला आधी पाणी विचारणारे. पण त्यांच्या घरात पांढरं लुगडं म्हणजे विधवेचं, तेव्हा त्यांनी मला पाहिलं आणि मनात जे काय ठरवायचं ते ठरवून टाकलं. चिठ्ठीवर लिहिलं, ‘पांढरी साडी, जुनी, एक. साधी धुलाई, खळ, इस्त्री.’

धुरपताने माझा कोपरा उलगडून त्यांना दाखवला. “भाऊ, इथं माया डाग हाये. त्याच्याकडं लक्ष देजो.”

“देतो ना आजी,” मधुकरराव म्हणाले, आणि चिठ्ठीवर आणखी दोन शब्द लिहिले. ‘डाग. लक्ष.’

धुरपताने पेन घ्यायला हात पुढे केला होता. पन्नाशीत प्रौढांच्या वर्गात ती सही करायला शिकली, आणि तेव्हापासून सही करायची संधी ती सोडत नाही. लग्नाच्या आहेराच्या यादीवरसुद्धा करते. पण मधुकररावांनी चिठ्ठी टरकन फाडून हातात दिली. सही नको, आजी.

आता पुढचं फक्त मला ठाऊक आहे. तिथे इस्त्रीवर गुलाब नावाचा माणूस आहे, वीस वर्षं त्याच टेबलामागे उभा. त्याने मला धुतलं, आणि नीट धुतलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मग त्याने चिठ्ठी वाचली आणि कोपरा उजेडात धरला. सेठ, हा पुराना रंगच दिसून राह्यला, डाग नाई वाटत, असं तो म्हणाला. मधुकरराव फोनवर होते. त्यांनी मान न वळवताच सांगितलं की गिऱ्हाइकानं सांगितलं ना, काढ. गुलाबने बाटलीतलं डाग काढायचं जहाल पाणी कापसाने लावलं. ठिपका हलला नाही. सत्तर वर्षांपूर्वी राख-सोड्याला दाद दिली नाही त्याने, हे काय. मग त्याने जास्त लावलं, आणि ओलं असतानाच वरून तापलेली इस्त्री ठेवली. मला इतकंच आठवतं की वास आला, आणि गुलाबने हात मागे घेतला तेव्हा त्याच्या बोटांना माझे धागे चिकटले होते.

त्या क्षणी जर मधुकररावांनी धुरपताला फोन केला असता, की आजी, घात झाला, तर मी आज तुमच्याशी बोलत बसले नसते. चूक माणसाच्या हातून होते. पण त्यांनी भोक आत जाईल अशी माझी घडी घालायला लावली. वर चकचकीत पिशवी चढवली, पिशवीवर छापलेलं, ‘आमच्याकडे कपडे घरच्यासारखे सांभाळले जातात.’ नागसेन मला घेऊन गेला तेव्हा त्यांनी हसून मुलीला आशीर्वाद सांगा म्हटलं.

घरी धुरपताने पिशवी काढली. ती मला कधीच सरळ उघडत नाही, आधी पदराचा कोपरा काढते. तिची बोटं त्या भोकातून आरपार गेली. तिने मला मांडीवर घेतलं आणि त्या भोकातून स्वतःचा हात बघत बसली. लग्नाला तीन दिवस राहिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तिघं दुकानात. मधुकररावांनी मला टेबलावर पसरलं, चष्मा लावला, आणि जणू पहिल्यांदाच पाहत असल्यासारखे पुटपुटले, अरे अरे. मग सांगू लागले की कापड सत्तर वर्षांचं, विरलेलं, कधीतरी फाटणारच होतं. शिवाय आजींनीच डाग आहे म्हणून सांगितलं होतं, हे बघा चिठ्ठीवर. पौर्णिमा काही बोलणार तेवढ्यात त्यांनी शेजारच्या दुकानाकडे हात केला. ते त्यांच्या भावाचं कापडाचं दुकान. चला, पाहिजे ती साडी घ्या, काठापदराची घ्या, लग्नाची आहे तर भारीतली घ्या. या जुनेरापायी तोंड कशाला वाईट करायचं.

नागसेनला ते पटलं. त्याची तरी चूक काय, घरी मांडव पडायचा होता. तो म्हणाला, माय, घेऊन टाक ना, लुगडंच तर हाये. धुरपताने त्याच्याकडे पाहिलं. मग तिने मला टेबलावरून उचलून छातीशी घेतलं.

“भाऊ,” ती मधुकररावांना म्हणाली, “तू जुनेर म्हनलं. मले नवं नोको. मले फक्त येवढं सांग, तुह्या हातानं झालं का नाई?”

मधुकररावांनी एसटीच्या भोंग्याकडे कान दिला, पंखा वाढवला, गुलाबला काहीतरी सांगितलं. आणि वर साडीचं पुन्हा एकदा सांगितलं.

“मंग राहू दे तुही साडी.”

पौर्णिमाचं लग्न दुसऱ्या पांढऱ्या साडीत झालं. मी पहिल्या रांगेत धुरपताच्या मांडीवर होते, घडी घालून. फोटोत मी दिसते, नीट बघितलं तर.

लग्नानंतर महिनाभराने पौर्णिमा माहेरी आली ती वह्या-कागद घेऊनच. वर्ध्याला ग्राहकांच्या तक्रारी ऐकतात, तिथे अर्ज करायचा. नागसेनने डोक्याला हात लावला. एका लुगड्यापायी वर्ध्याचे खेटे, लोक हसतील. धुरपता म्हणाली, हसू दे, दात असले तर दाखवतीन. अर्जात एक रकाना होता, वस्तूची किंमत. तिथे दोघी अडल्या. पौर्णिमाने पेन ठेवून आजीकडे पाहिलं. धुरपताने सांगितलं, पैसे ते लावतील ते लावू दे, ते मी सोडणार नाही, हक्काचे आहेत. पण त्याच्या खाली लिही, की चूक आमची झाली असं त्याने लिहून द्यावं.

अर्जाला जोडायला चिठ्ठीची नक्कल काढताना पौर्णिमाचं लक्ष चिठ्ठीच्या तळाशी गेलं. मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ छापलेली होती. ती तिने दोनदा वाचली, आणि आजीला हाका मारत अंगणात धावत गेली. काय होती ती ओळ, ते पुढे येतंच.

वर्ध्याला आम्ही सात वेळा गेलो. कधी समोरचा वकील आला नाही, कधी पुढची तारीख. धुरपता दर वेळी मला पिशवीत घालून न्यायची. नागसेन पहिल्या दोन खेपांना आला नाही. तिसऱ्या वेळी मात्र स्टँडवर मुकाट उभा होता, हातात पाण्याची बाटली आणि आईच्या गोळ्या.

शेवटच्या तारखेला मला टेबलावर पसरलं. समोर ऐकणाऱ्यांत एक बाई होत्या, त्यांनी माझं भोक बोटाने चाचपलं. गुलाबला विचारलं, त्याने खाली बघून सांगितलं की आठवत नाही. मी त्याच्यावर रागावले नाही. त्याला उद्या त्याच टेबलामागे उभं राहायचं होतं.

मधुकररावांचा वकील बोलका होता. चिठ्ठीच्या मागे नियम छापला आहे, नुकसान झालं तर धुलाईच्या दहापट, त्याहून जास्त नाही. आणि अशा वस्तूला बाजारात भाव तरी काय?

“इकायले काढलंच नाई, तं भाव कोन सांगन?” धुरपता म्हणाली.

वकिलाने ते सोडून दिलं आणि मुख्य मुद्द्यावर आला. अर्जदार बाई स्वतः कबूल करतात की त्यांनी डाग हा शब्द वापरला. डाग आहे, लक्ष द्या. कोणताही लॉन्ड्रीवाला याचा काय अर्थ घेईल? समोरच्या बाईंनी धुरपताकडे पाहिलं आणि तुम्हाला काय म्हणायचं होतं ते विचारलं.

धुरपता खुर्चीला धरून उभी राहिली. पौर्णिमाने आधार द्यायला हात केला, तो तिने बाजूला केला.

“वकीलसाहेब, तुमच्या घरी पोरीच्या लग्नात डाग केले असतीन,” ती म्हणाली. “ते कोन्या साबनानं काढले?”

कुणीतरी मागे हसलं. वकील हसला नाही. समोरच्या बाईंचा हात नकळत आपल्या गळ्यातल्या साखळीकडे गेला आणि तिथेच थांबला. धुरपताने मग सगळं सांगितलं, हंडा, राख, गाठ, नागपूर, माय. वकिलाने मध्येच म्हटलं की याचा कायद्याशी संबंध नाही. बाईंनी त्याला हाताने थांबवलं.

तेव्हा पौर्णिमाने ती ओळ वाचून दाखवली. ‘डाग काढताना कापड खराब झाल्यास दुकान जबाबदार नाही. ग्राहकाची सही.’ पुढे रेघ होती. रेघ कोरी होती. डाग काढायला सांगितलं असतं, तर इथे सही घेतली असती, असं पौर्णिमा म्हणाली. आणि धुरपता उभीच होती, तिने शेवटचं सांगून टाकलं.

“मले सही येते. मी हात पुढं केलता. यानंच नोको म्हनलं.”

मधुकररावांनी पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं. त्यांना ते आठवत होतं. ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

निकाल आमच्या बाजूने लागला. दहापटीचा नियम तिथे चालला नाही. भरपाई मिळाली, आणि लेखी माफी द्यायची असंही त्यात होतं. धुरपताने चेक घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि नागसेनकडे दिला. पैशाला नाक मुरडणारी ती नाही. ज्याने नुकसान केलं त्याने भरावं, यात लाजायचं काय?

माफीचं पत्र आठवड्याने पोस्टाने आलं. टाइप केलेलं, खाली शिक्का. पौर्णिमाने मोठ्याने वाचलं. ‘आपल्या साडीवर पडलेल्या डागाबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’ धुरपताने ते पुन्हा वाचायला लावलं. मग पेन मागवलं, ‘पडलेल्या’ या शब्दाभोवती गोल काढला, खाली आपली सही केली, आणि पत्र परत पाठवून दिलं. नागसेन म्हणाला, माय, आता तर पुरे कर. पण म्हणताना तो हसत होता.

वाटलं होतं आता काही येणार नाही. पंधरा दिवसांनी, रविवारी सकाळी, मधुकरराव स्वतः आले. स्कूटर लांब उभी करून, आमचं घर विचारत. दारात उभे राहिले तेव्हा त्यांच्या हातात तेच पत्र होतं, तिच्या गोलासकट. धुरपताने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. ते म्हणाले, आजी, काय लिहू ते सांगा, तसं लिहितो.

“मी काऊन सांगू? तूच लिह्य.”

त्यांनी मला पाहायला मागितलं. मी खाटेवर होते. त्यांनी कोपरा उचलला, ते भोक बघितलं, त्याच्या कडेला एका बाजूने अजून डाळिंबीची बारीकशी रेघ राहिली आहे ती बघितली. इतक्या दिवसांत त्यांना ती दिसली नव्हती. मग गुडघ्यावर कागद ठेवून त्यांनी आपल्या हाताने एकच ओळ लिहिली. माहेरी आलेल्या पौर्णिमाने ती वाचली.

‘धुरपताबाई, तुमचा डाग आमच्या हातून गेला.’

धुरपताने कागद मधुकररावांपुढे सरकवला. मग त्यांना म्हणाली, सही कर. त्यांनी केली. खाली तिनेही केली.

लोक आता सांगतात की भोकावर डाळिंबी ठिगळ लावा, नाहीतर रफू करून घ्या, वर्ध्याला एक चांगला रफूवाला आहे. धुरपता ऐकत नाही. भोक राहू दे, बघणारा विचारेल, मग मी सांगेन, असं तिचं म्हणणं. येत्या दीक्षेच्या दिवशी पौर्णिमा मला नेसणार आहे, भोकासकट, पदर पुढे घेऊन. मी तयार आहे. मला कुणाची लाज वाटत नाही.

आणि माझं मागणं एवढंच. धुरपता उद्या असेल, नसेल. माझ्या पदराच्या दुसऱ्या कोपऱ्याला आता एक गाठ आहे, आत तो कागद आहे, चार घड्या घातलेला. मागची गाठ सोडायची विसरून राहिली होती. ही विसरलेली नाही, आवळून बांधलेली आहे. पुढे मला जिच्या हाती द्याल तिला सांगा, ही गाठ सोड, वाच, आणि पुन्हा बांध.